ऑफिसचा डबा स्वस्तात बसवायचाय? पोळ्या विकत घ्या, भाजी घरी करा: मुलुंडच्या एका पोळीभाजी केंद्राचा अनुभव

मुलुंड पूर्वेला स्टेशनकडून म्हाडा कॉलनीच्या दिशेने जाताना एका आतल्या गल्लीत, जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक पोळीभाजी केंद्र आहे. बोर्डावर वेगळं असं नाव नाही, नुसतं 'घरगुती पोळीभाजी केंद्र' लिहिलंय आणि शेजारच्या काळ्या पाटीवर खडूने त्या दिवसाच्या भाज्या. आम्ही नवराबायको दोघंही नोकरी करतो, मी फोर्टला आणि नवरा अंधेरीला सीप्झमध्ये, दोघांनाही सकाळी आठच्या आत घर सोडावं लागतं, आणि बरीच वर्षं आमचे दोन्ही डबे या केंद्राच्या जिवावर चाललेत. अर्धे डबे म्हणा हवं तर, कारण पोळ्या त्यांच्या आणि भाजी आमची.

निकाल आधीच सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. पोळ्या घ्या, बिनधास्त घ्या. भाजी रोज घेऊ नका, ती घरीच करा, एक-दोन भाज्या सोडून, आणि त्या कुठल्या ते पुढे सांगते. असली केंद्रं गिरगाव, दादर, पार्ले, पार डोंबिवलीपर्यंत सगळीकडे आहेत, त्यामुळे इथलं गणित थोड्याफार फरकाने तुमच्या घराजवळच्या केंद्रालाही लागू पडेल.

आता पोळी. इथे घडीची पोळी १० रुपयाला आहे, फुलका ८ ला, आणि ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी २५ ला. पोळी खरंच घडीची असते, म्हणजे त्रिकोणी घडी घालून आत तेल लावून लाटलेली, पदर सुटलेले दिसतात, आणि दोन्ही बाजूंनी नीट भाजलेली असते. हे मुद्दाम लिहितेय कारण बऱ्याच ठिकाणी घडीच्या नावाखाली नुसती गोल लाटून वरून तेलाचा हात फिरवलेली पोळी देतात आणि ती गरम असताना छान लागते पण दुपारी वातड होते, तोडताना हाताला कळतं. डब्याची पोळी सकाळी सात वाजता कशी आहे याला काही अर्थ नाही, ती दुपारी दीडला कशी आहे हे बघायचं. ह्या केंद्राची पोळी दीडला मऊ असते. याचं कारण केंद्र चालवणाऱ्या काकू कणीक नीट मुरू देतात. पहाटे पाचच्या सुमाराला कणीक भिजते, अर्धा-पाऊण तास झाकून ठेवतात, मग परत तिंबतात आणि मग लाटायला घेतात. दोघीजणी लाटायला असतात, एकजण भाजायला. कणीक मळायचं मशीन त्यांनी घेतलंय पण लाटणं सगळं हाताने, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे, मशीनने दाबलेल्या चपात्या मी दुसरीकडून आणून बघितल्यात, त्या पहिल्या तासाभरानंतर कागद होतात.

एक गोष्ट मात्र तुमच्याच हातात आहे. पोळ्या तव्यावरून काढल्या काढल्या प्लास्टिकच्या पिशवीत गेल्या की वाफ आत कोंडते, तिचं पाणी होतं आणि खालच्या दोन पोळ्या ओल्या गच्च होतात. म्हणून घरून डबा आणि एक पातळ सुती फडकं घेऊन जायचं, काकूंना सांगायचं यातच द्या, आणि घरी आल्यावर झाकण पाच मिनिटं उघडं ठेवायचं. वाफ गेली की फडक्यात गुंडाळून मगच डबा बंद. फॉइल मला फारसं पटत नाही, त्यात गरम पोळी ठेवली की घाम सुटतोच. आणि केंद्रात अजून काही लोकांना पेपरात गुंडाळून देतात ते कृपा करून घेऊ नका, छपाईची शाई अन्नाला लागते आणि वर्तमानपत्रात खायचे पदार्थ गुंडाळू नका असं एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेनेही सांगितलेलं आहे. मी काकूंना दोन-तीनदा बोलले, त्यांनी आता बटर पेपर ठेवलाय, पण गर्दीच्या वेळी हाताला जे येईल त्यात बांधतात.

पैशाचं बघू. आम्हाला दिवसाला सहा पोळ्या लागतात, म्हणजे ६० रुपये, महिन्याचे बावीस दिवस धरले तर १३२० रुपये. ह्याच पोळ्या घरी केल्या तर पीठ, तेल, गॅस सगळं धरून दिवसाला १२ ते १५ रुपये होतील. म्हणजे महिन्याला साधारण हजार रुपये आम्ही जास्त मोजतो. हजार रुपये कमी नाहीत, आणि 'स्वस्त डबा' म्हणायचं आणि पोळ्या विकत आणायच्या हे पहिल्यांदा ऐकायला विचित्र वाटेल. पण त्या हजाराच्या बदल्यात सकाळची पस्तीस-चाळीस मिनिटं मिळतात, कणीक भिजवणं, लाटणं, भाजणं, मग ओट्यावरचं पीठ पुसणं, परात-पोळपाट धुणं, हे सगळं जातं, आणि मुख्य म्हणजे डबा रोज होतो. आमच्या ऑफिसातल्या कितीतरी जणी मला सांगतात की कंटाळा पोळ्यांचा येतो, भाजीचा येत नाही, आणि पोळ्या झाल्या नाहीत की त्या दिवशी डबाच नाही, मग बाहेरचं. फोर्टला साधी थाळी खाल्ली तरी १५० च्या आसपास जातात, अ‍ॅपवरून मागवलं तर डिलिव्हरी आणि पॅकिंग धरून २०० च्या वर. महिन्यातून पाच-सहा दिवस जरी डबा चुकला तरी तो हजार रुपयांचा फरक निघून जातो, आणि ते पण एकाच माणसाचं झालं.

अर्थात घरात माणसं जास्त असतील तर हे गणित उलटतं. दिवसाला दहा-बारा पोळ्या लागत असतील तर केंद्रात रोजचे १२० पर्यंत आणि रविवार सोडून महिन्याचे तीन हजाराच्या आसपास जातील. त्यापेक्षा पोळ्या करायला येणारी ताई परवडते, आमच्या भागात दोन हजाराच्या आसपास घेतात, पीठ-तेल आपलं. ताई सकाळी साडेसहाला यायला तयार असेल तर तेच करा, मी उगीच केंद्राची बाजू घेणार नाही.

आता केंद्राच्या भाज्या. छोटा डबा, साधारण दीडशे ग्रॅमचा, ५० रुपये. दोघांचे १००. चव वाईट नाही पण रोजच्या डब्यासाठी मला ह्या भाज्या आवडत नाहीत आणि कारणं स्पष्ट आहेत. एक तर बटाटा प्रत्येक गोष्टीत, फ्लॉवर-बटाटा, वांगं-बटाटा, मेथी-बटाटा, आणि त्यात बटाटाच जास्त. दुसरं, तेल, डब्याच्या तळाशी लाल थर उरतो तो सगळा तेलाचाच. तिसरं म्हणजे कुठलीही रस्साभाजी घ्या, वाटण एकच, कांदा-टोमॅटो-आलं-लसूण, त्यामुळे मटार आणि चवळी यांची चव सारखीच लागते. मीठ पण कधी कमी कधी जास्त. काकूंचा हात चांगला आहे, पण ऐंशी-शंभर जणांची भाजी एका पातेल्यात करायची म्हटल्यावर असं होणार, समजू शकते मी, फक्त त्याला ५० रुपये द्यायची गरज नाही एवढंच.

पण दोन भाज्या अशा आहेत ज्या मी इथूनच घेते आणि तुम्हीही घ्या. पहिली वालाचं बिरडं, बुधवारी असतं. ज्यांनी वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोललाय त्यांना सांगायला नको, तासभर त्यातच जातो, आणि सोलताना डाळिंबी मोडली की मन खट्टू होतं. इथलं बिरडं नारळाच्या दुधातलं नसतं, ओलं खोबरं, गूळ आणि आमसूल घालून अंगाबरोबर रस ठेवलेलं असतं, डब्यात सांडत नाही, आणि डाळिंब्या अख्ख्या असतात, शिजून पीठ झालेल्या नसतात. ७० रुपयाला मिळतं आणि ते ७० रुपये एकदम वसूल. दुसरी केळफुलाची भाजी, ही पावसाळ्यात अधूनमधून असते. केळफूल सोलायचं, प्रत्येक फुलातला तो कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढायचा, हात काळे होतात, मग चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायचं. नोकरी करून आठवड्याच्या मधल्या दिवशी कोण करणार हे.

मी जो नियम पाळते तो यातूनच आलाय. ज्यात हाताचं काम जास्त ते विकत, ज्यात नुसतं गॅसचं काम ते घरी. पोळी हे हाताचं काम, बिरडं हाताचं काम, केळफूल हाताचं काम. मटकीची उसळ, झुणका, काचऱ्या, डाळी, ही सगळी गॅसची कामं, फोडणी दिली की आपली आपण होतात, तोपर्यंत अंघोळ उरकते. दादरला किंवा मुलुंडला स्टेशनबाहेर सोललेला मटार, निवडलेली मेथी, चिरलेली गवार पाकिटात मिळते त्यालाही हेच लावा. सोललेले वाल, सोललेला मटार घ्यायला हरकत नाही. चिरलेला कोबी, चिरलेला दुधी कशाला विकत घ्यायचा, त्याला पाच मिनिटं लागतात, शिवाय चिरून ठेवलेली भाजी किती वेळ उघड्यावर होती कळत नाही. परतीच्या गाडीत लेडीज डब्यात चौथ्या सीटवर बसूनसुद्धा शेंगा सोलून होतात, आमचा ग्रुप कित्येक वर्षं करतोय.

बाहेरची पोळी म्हटली की काही घरांत अजून नाक मुरडतात, 'पोळ्यासुद्धा विकतच्या?' असं विचारतात. हे ऐकलं की मला राग येतो. ही मुंबई बायकांच्या हातच्या विकतच्या जेवणावरच उभी राहिलीय. गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार दहा-दहा, वीस-वीस जण एका खोलीत राहायचे आणि जेवायला महिन्याच्या बोलीवर खाणावळवाल्या बाईकडे, लालबाग-परळच्या चाळींत घरोघरी अशा बायका होत्या ज्या पहाटेपासून पंधरा-वीस माणसांचं रांधायच्या. पैसे पगार झाल्यावर मिळणार, तोपर्यंत किराणा उधारीवर आणि सावकाराचं व्याज डोक्यावर. ह्याच बायकांना एकत्र आणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं आणि सावकारातून सोडवलं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणारी गिऱ्हाइकंच गेली, तेव्हा किती घरांवर ते आलं असेल विचार करा. आजचं पोळीभाजी केंद्र म्हणजे त्या खाणावळीचीच पुढची पिढी आहे असं मी मानते. आमच्या काकू स्वतः घरातून दहा पोळ्यांपासून सुरू झाल्या आणि आज तीन बायकांना रोजगार देतात. सहा पोळ्यांचे ६० रुपये देताना मला कधी जिवावर येत नाही ते त्यामुळेही.

बरं आता घरच्या भाज्या, कारण खरा पैसा इथे वाचतो. माझी अट एकच आहे, थंड खाल्ली तरी चांगली लागली पाहिजे. आमच्या ऑफिसात मजल्याला एक मायक्रोवेव्ह आणि सव्वाला त्याच्यासमोर रांग, शिवाय माझा डबा स्टीलचा, तो आत चालत नाही. त्यामुळे रस्सा, पनीरची ग्रेव्ही, तुपातली भाजी हे सगळं बाद. तूप गोठतं, रस्सा गाडीत रॅकवर डबा आडवा झाला की पिशवीभर होतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं म्हणजे कडधान्य. मटकी साधारण १३० रुपये किलो धरा, शंभर ग्रॅम सुकी मटकी भिजून-मोड येऊन दोघांच्या डब्याला भरपूर होते, म्हणजे १३ रुपये, वर कांदा, तेल, मसाला धरून दोघांची उसळ पंचवीस-तीस रुपयांत. सुक्या कडधान्यात वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी प्रथिनं असतात, ते वेगळंच. सकाळी निघताना भिजत घालायची, संध्याकाळी आल्यावर उपसून फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी मोड. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत मोड फटाफट येतात पण चिकटही तितकीच लवकर होते, वास येतो, त्यामुळे बांधण्याआधी दोन पाण्यांनी धुवा आणि मोड दिसले की लगेच फ्रिजमध्ये. जानेवारीत उलट, वेळ लागतो, बांधलेलं फडकं मी गॅसजवळ ठेवते. उसळ करताना पाणी वरून घालायचं नाही, कढईवर खोलगट झाकण ठेवून त्या झाकणात पाणी घालायचं आणि वाफेवर शिजवायची, मग दाणा अख्खा राहतो आणि सुकी होते. शेवटी गोडा मसाला, गुळाचा खडा, आमसूल. इतकी साधी आहे पण दुपारी डबा उघडल्यावर शेजारची विचारतेच काय आणलंस.

मोड आणायचे विसरलं तर चवळी, नुसती रात्री भिजवली की सकाळी कुकरला होते. तेही विसरलं तर अख्खा मसूर, न भिजवता शिजतो, कांदा-लसूण-काळा मसाला घालून घट्ट करायचा.

दुसरा नंबर पीठ पेरलेल्या भाज्यांचा. सिमला मिरची, कांद्याची पात, मेथी, कोबी, काहीही चालतं. भाजी वाफवून घ्यायची आणि मग वरून बेसन भुरभुरायचं, पाण्याचा हबका मारायचा, झाकण. एक जुडी पात २० रुपयाला आणि दोन मुठी बेसन, दोघांचं भागतं. ही भाजी थंडच जास्त चांगली लागते असं माझं मत आहे, पीठ भाजीत मुरतं. फक्त तेलात कंजूषी नको, पीठ घशात बसतं, आणि दह्याची छोटी डबी बरोबर असली तर उत्तम.

काचऱ्या मुलांच्या म्हणून लोक सोडून देतात पण बटाट्याच्या, तोंडलीच्या पातळ काचऱ्या, लोखंडी तव्यावर कडेने कुरकुरीत झालेल्या, तिखट-मीठ-हळद एवढंच, पाण्याचा थेंब नाही. दहा मिनिटांत होतात, संध्याकाळपर्यंत खराब होत नाहीत. भेंडीला तार येते म्हणून डब्याला नको म्हणतात, धुऊन पूर्ण पुसून मगच चिरा आणि परतताना एक आमसूल टाका, तार जाते. लाल भोपळा वर्षभर स्वस्त असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही, मेथीदाण्याची फोडणी, लाल मिरची, दाण्याचं कूट, थोडा गूळ, करून बघा एकदा. दुधीत चणाडाळ घालून केलात तर ठीक, नुसता दुधी पाणी सोडतो. कोबी गरम गरम डब्यात कोंबू नका, दुपारी झाकण उघडल्यावर जो वास येतो त्याने सगळं टेबल मागे सरकतं. पूर्ण गार करून भरा, मग येत नाही.

मे महिना आणि ऑक्टोबर हे दोन महिने सांभाळायचे. सकाळी साडेसातला भरलेला डबा दीडपर्यंत त्या उकाड्यात, गर्दीच्या गाडीत, ओलं खोबरं घातलेली भाजी विटते. या दिवसांत ओल्या खोबऱ्याऐवजी सुकं खोबरं किंवा दाण्याचं कूट, टोमॅटोऐवजी आमसूल किंवा चिंच, आणि भाजीवर वरून कच्चं काही घालायचं नाही. बिरडंही मी मे महिन्यात घेत नाही, त्यात ओलं खोबरं असतं.

भात नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. फोडणीचा भात करायचा असेल तर रात्रीचा उरलेला भात ओट्यावर राहू देऊ नका, जरा गार झाला की फ्रिजमध्ये टाका, बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष सकाळी परतल्यानेही जात नाही. आणि दहीभात न्यायचा तर दही कमी, दूध जास्त. मऊ भातात दूध घालायचं आणि चमचाभर दही, मीठ, आणि वरून हिंग-जिरं-मिरचीची फोडणी गार करून, दुपारपर्यंत तो बरोब्बर लागतो, आंबट होत नाही. सगळं दही घातलंत तर दीड वाजेपर्यंत खाववणार नाही.

महिन्याच्या शेवटी किंवा ज्या दिवशी उठायलाच उशीर झाला त्या दिवशी पोळ्या आणि चटणी. रविवारी लसूण-सुक्या खोबऱ्याची, दाण्याची, कारळ्याची अशी एखादी बरणी करून ठेवायची, आठ-पंधरा दिवस जाते. पोळी, चटणी, दही, एक काकडी, हा पूर्ण डबा आहे, याला कमी समजू नका. आणि पोळ्या उरल्या तर दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणीची पोळी, कांदा-दाणे-कढीपत्ता घालून, त्यावर लिंबू. ह्या केंद्राच्या पोळ्या मऊ असल्यामुळे तिचा चुरा नीट होतो, कडक पोळीचे तुकडे राहतात.

एकूण हिशोब सांगायचा तर सहा पोळ्यांचे ६० आणि भाजीचे ३० धरले तर दोन डबे ९० रुपयांत, म्हणजे एक डबा ४५ ला. भाजीही केंद्राचीच घेतली तर १६०, म्हणजे एक डबा ८० ला. दिवसाला ७० रुपयांचा फरक, महिन्याला दीड हजार.

डबेवाल्यांबद्दल बरेच जण विचारतात. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेली ही सेवा मुंबईचा अभिमान आहे आणि ज्यांच्या घरी साडेनऊ-दहाला डबा भरून द्यायला कोणी आहे त्यांनी जरूर घ्यावी, जेवण ताजं मिळतं आणि गाडीत डबा सांभाळायचा त्रास नाही. आमच्या घराला त्या वेळी कुलूप असतं, त्यामुळे आम्हाला उपयोग नाही. काही केंद्रं आणि खाणावळी स्वतः डबा भरून डबेवाल्याकडे देतात, आमच्या काकू देत नाहीत.

केंद्राच्या तक्रारी पण लिहायला हव्यात. सोमवारी सकाळी भयंकर गर्दी होते आणि आधी न सांगता गेलात तर वीस मिनिटं उभं राहावं लागतं किंवा पोळ्या संपतात. गर्दीत कधी कधी घडीच्या मागितल्या तर फुलके बांधले जातात आणि पैसे घडीचे लागतात, तिथेच डबा उघडून मोजून बघा, काकू लगेच बदलून देतात. आणि गणपतीत केंद्र बंद असतं, काकू गावाला जातात, कोकणातल्या माणसाला गणपतीत थांबवणं शक्यही नाही आणि योग्यही नाही. तेव्हासाठी त्या आधीच सांगतात आणि अर्धवट भाजलेल्या पोळ्या देतात, दहाच्या पाकिटात, त्या फ्रीझरला ठेवून लागतील तशा तव्यावर भाजून घ्यायच्या. ताज्या पोळीची सर नाही येत पण दशमी किंवा थालीपीठ करायला वेळ नसेल त्या दिवशी कामाला येतात.

सांगून ठेवण्याची पद्धत चांगली आहे. रात्री नऊपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा टाकायचा. मागच्या आठवड्यात मी लिहिलं, "काकू, उद्या सहाच्या ऐवजी आठ, सासूबाई आल्यायत." त्यांचा लगेच फोन, "अगं रात्रीच सांगितलंस ते बरं केलंस, सकाळी आयत्या वेळी म्हणालीस तर मी कुठून आणू, तुझ्या मागे अजून वीसजणी उभ्या. सासूबाईंना दात आहेत ना, की फुलके देऊ?" मी म्हटलं फुलकेच द्या दोन. सकाळी डब्यात सहा घडीच्या आणि दोन फुलके वेगळ्या फडक्यात बांधलेले.

सकाळी साडेसहाला उघडतं, दहाला पोळ्या संपतात, संध्याकाळी सहा ते नऊ परत. भाकरी फक्त मंगळवार आणि शुक्रवार, त्याही आदल्या दिवशी सांगितल्या तरच. महिन्याची वही चालते, पाच तारखेपर्यंत पैसे द्यायचे, यूपीआय घेतात. रविवारी बंद. बिरडं हवं असेल तर मंगळवारी रात्रीच सांगून ठेवा, बुधवारी आठनंतर गेलात तर पातेलं रिकामं असतं.